इलेक्ट्रिक पिकअपच्या सस्पेन्शनची तक्रार करताना "नॉर्मल आहे" हे उत्तर घेऊन घरी यायचं नसेल तर

आमच्या टेम्पो स्टँडवर कुणाच्या इलेक्ट्रिक गाडीखालून आवाज यायला लागला की त्याला माझ्याकडे पाठवतात. मी काही मेकॅनिक नाही, भोसरीतून चाकण-तळेगावकडे पाइप आणि नळाचं सामान पोचवतो, गाडी स्वतः चालवतो. पण माझ्या गाडीच्या मागच्या सस्पेन्शनसाठी मी चार वेळा सर्व्हिस सेंटरला गेलो आणि चारही वेळा हात हलवत परत आलो, प्रत्येक वेळी एक दिवसाचा धंदा बुडवून. पाचव्यांदा काम झालं. त्यानंतर मेहुण्याच्या गाडीचं झालं, मग स्टँडवरच्या अजून तिघांचं. त्यामुळे जे सांगतोय ते तळेगाव-चाकण रोडचे खड्डे खाऊन सांगतोय.

आधी फुकटचे सल्ले बाजूला ठेवा. "इलेक्ट्रिक आहे म्हणून ऐकू येतं, डिझेलमध्ये पण असतंच" हा पहिला. अर्धा खरा आहे, डिझेलच्या धडधडीत बारीकसारीक आवाज बुडून जायचे आणि इथे इंजिनच नाही म्हणून सगळं कानावर येतं. पण ऐकू येतं म्हणजे ते नॉर्मल आहे असं कुठे ठरलं? दुसरा सल्ला, "बुशला ग्रीस मार, आवाज जाईल." जाईल, चार दिवस. बुश म्हणजे सस्पेन्शनच्या सांध्यात बसवलेलं रबर, त्याला साधं ग्रीस किंवा जुनं ऑइल लावलं की रबर फुगतं, मऊ पडतं आणि उरलंसुरलं आयुष्य पण संपतं. आणि तिसरा सगळ्यात घातकी, "एक पाटा वाढवून घे." (पाटा म्हणजे सस्पेन्शनच्या स्प्रिंगची पोलादी पट्टी.) वॉरंटीत असलेल्या गाडीला बाहेरून पाटा वाढवला की कंपनीला आयतं कारण मिळालं, मग मूळ दोष त्यांचा असला तरी बोट तुमच्याकडेच. शिवाय पाटा वाढवून गाडी कडक होते, तो दणका मग चेसिसला आणि बॅटरीच्या माउंटिंगला बसतो. करू नका, बस.

टायरमधली हवा आणि हौद्यातलं सामान आधी बघा. सैल स्पेअर व्हील, जॅक, हौद्याच्या फाळक्याची कडी, यांचा आवाज सस्पेन्शनचा समजून लोकं सर्व्हिस सेंटरला जाऊन हसं करून घेतात. (आमच्या मेहुण्यांचा आवाज सीटमागच्या पान्याचा निघाला होता, पहिल्या खेपेला.)

मग आठ दिवस एक छोटी वही गाडीत ठेवा. आवाज आला की चार गोष्टी लिहायच्या, किती स्पीड होता, किती माल होता, रस्ता कसा होता, आणि पाय ॲक्सिलेटरवर होता की नुकताच सोडला होता. ही शेवटची गोष्ट कुणी लिहीत नाही आणि इलेक्ट्रिक गाडीत तीच महत्त्वाची. का ते सांगतो. ॲक्सिलेटर सोडला की मोटर उलट जनरेटरसारखी चालते आणि गाडीला मागे ओढते, आपण ज्याला रिजन म्हणतो ते. मागच्या चाकांवर चालणाऱ्या, पाट्यावाल्या गाडीत मोटरचा हा सगळा जोर ॲक्सलमधून पाट्यांवर येतो. पाय दाबला की ॲक्सल एका बाजूला पिळतो, सोडला की दुसऱ्या. सिटीत दिवसातून शेकडो वेळा. बुश थोडा जरी ढिला असला किंवा यू बोल्ट (पाटे ॲक्सलला आवळून धरणारा यू आकाराचा बोल्ट) सैल असला तरी प्रत्येक पिळाला "टक्". खड्डा नाही, ब्रेकर नाही, गुळगुळीत रस्त्यावर टक्, आणि मग सुपरवायझर म्हणतो सस्पेन्शनचा आवाज असता तर खड्ड्यात आला असता ना.

म्हणून वही झाली की एक टेस्ट करा. बंद आवार किंवा मोकळं सपाट मैदान हवं, रस्त्यावर अजिबात नको. एक लाकडी फळी आडवी टाका. आधी गिअरमध्ये हळू चालवत फळीवरून जा, पाय दाबून एकदा, सोडून एकदा. मग तेवढाच वेग घेऊन न्यूट्रलला टाका आणि फळीवरून नुसती गडगडत जाऊ द्या. चावी चालूच ठेवायची, चावी बंद केली की स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्ही जड होतात. न्यूट्रलमध्येसुद्धा आवाज तसाच आला तर पाटे, शॉकअप (शॉक ॲब्सॉर्बर), बुश, वजनाखाली हलणाऱ्या गोष्टी. न्यूट्रलमध्ये गायब झाला आणि पाय दाबता-सोडताना येतो, तर मोटरच्या जोराचा संबंध आहे, म्हणजे यू बोल्ट, पाट्याच्या पुढच्या डोळ्याचा (टोकाच्या गोल कडीचा) बुश, मोटरचं माउंटिंग. शंभर टक्के निदान नाही हे, पण तुम्ही एवढं सांगितलं की समोरचा सरळ होऊन बसतो.

खाली बघायचं तर गाडी जमिनीवर उभी असतानाच टॉर्च घेऊन बघा. जॅकवर चढवून तिच्याखाली शिरू नका, आणि जॅक बॅटरीच्या डब्याला तर चुकूनही लावू नका. नारिंगी केबल दिसतील त्या हाय व्होल्टेजच्या, त्यांना हात नाही. बघायचं एवढंच, यू बोल्टभोवती लालसर पूड आहे का (लोखंड लोखंडावर घासलं की अशी गंजासारखी पूड पडते, म्हणजे बोल्ट सैल), एखाद्या पाट्याला चीर आहे का, बुशचं रबर बाहेर आलंय का, शॉकअप तेलाने ओला आहे का. नुसती धूळ चिकटलेली म्हणजे गळती नाही, ओघळ दिसला पाहिजे. मग टेप घ्या, रिकामी गाडी सपाट जागेवर, चारही चाकांच्या मध्यापासून वर बॉडीच्या कडेपर्यंत माप, डाव्या-उजव्यात फरक असेल तर लिहून फोटो काढा.

आता खरा त्रास.

माझे चार वेळचे फेरे का वाया गेले हे मला कितीतरी महिने कळलं नव्हतं, मी समजत होतो की समोरचे हरामखोर आहेत. मग एका रविवारी चारही जॉबकार्ड (सर्व्हिस सेंटर तक्रार लिहून देतं तो कागद) समोर टाकून बसलो. पहिल्यावर लिहिलं होतं "सस्पेन्शन चेक". दुसऱ्यावर "मागून आवाज". तिसऱ्यावर "जनरल चेकअप", कारण त्या दिवशी मी घाईत होतो आणि ॲडव्हायजर म्हणाला शेठ लिहितो मी, तुम्ही सही करा. चौथ्यावर "राइड हार्ड". म्हणजे कागदावर एकच दोष चार वेळा आलेला नव्हता, चार वेगवेगळ्या किरकोळ तक्रारी होत्या आणि चारही "तपासले, दोष आढळला नाही" म्हणून बंद झालेल्या. डोकंच फिरलं. पण चूक निम्मी माझी होती.

त्यामुळे हे नीट वाचा. तक्रार एकदाच घरी बसून लिहायची आणि प्रत्येक वेळी शब्दन् शब्द तीच लिहायला लावायची. "सस्पेन्शन खराब आहे" असं लिहायचं नाही, ते निदान झालं, ते करणं त्यांचं काम. तुम्ही फक्त काय होतं ते सांगायचं. माझी ओळ अशी होती, "१५ ते २० च्या स्पीडला, अर्धा लोड असताना, ॲक्सिलेटर सोडल्यावर मागच्या डाव्या चाकाकडून टक् आवाज, न्यूट्रलमध्ये येत नाही." ही मी चिठ्ठीवर लिहून नेली आणि ॲडव्हायजरला म्हटलं दादा, एवढंच टाइप करा, यातला एक शब्द कमी नको. तो म्हणाला सिस्टीममध्ये एवढं बसत नाही. बसतं. रिमार्कचा रकाना असतो. नसेलच तर छापील जॉबकार्डवर पेनाने लिहून घ्या, किलोमीटर आणि तारीख टाका, त्याची सही घ्या, फोटो काढा, आणि मगच चावी द्या. चावी दिल्यावर तुमचं कुणी ऐकत नाही.

दुसरी गोष्ट, टेस्ट राइड. गाडी सोडून जायचं नाही. सुपरवायझर एकटा गाडी घेऊन जातो, रिकामी, सेंटरसमोरच्या गुळगुळीत रोडवर एक चक्कर, आणि येऊन सांगतो शेठ काय नाय, नॉर्मल आहे. त्याला आवाज आलाच नसतो, तो खोटं बोलत नसतो! अर्ध्या लोडचा आवाज रिकाम्या गाडीत कुठून येणार. म्हणून मी पाचव्या वेळी हौद्यात वाळूची पोती टाकून गेलो, साधारण तीनशे किलो, आणि सुपरवायझरला म्हटलं तुम्ही शेजारी बसा, गाडी मी चालवतो. वहीत लिहिलेलाच रस्ता, तोच स्पीड. दुसऱ्या वळणाला आवाज आला, तिसऱ्याला आला, त्याने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "हां, येतोय." बस, हे दोन शब्द पाहिजे होते. परत आल्यावर "टेस्ट राइडमध्ये आवाजाची खात्री झाली" एवढं जॉबकार्डवर लिहून घेतलं. वाळूचा खर्च, पोत्यांची उचलठेव, सकाळ गेली, पण आधीचे चार दिवस गेले त्यापुढे हे काहीच नाही.

व्हिडिओ न्या पण व्हिडिओवर विसंबू नका. फोन आजूबाजूचा आवाज स्वतःच दाबतो आणि टक् नेमका त्यातच जातो. त्यापेक्षा एकाला बाहेर उभं करून चाक जवळून शूट करायला सांगा, आणि त्याच फेरीत आत मीटरचा वेगळा व्हिडिओ, म्हणजे किलोमीटर आणि तारीख दिसते.

तिसरी गोष्ट, गाडी परत घेताना. आवाज तसाच असेल तर "समाधानी" च्या रकान्यात सही करू नका. "तक्रार कायम, आवाज अजून येतो" असं लिहून सही करा. मग संध्याकाळी फोन येईल, शेठ कंपनीचा फीडबॅक कॉल येईल, प्लीज दहापैकी दहा द्या, माझा इन्सेंटिव्ह जातो. पोरगा गरीब असतो, वाईट वाटतं, मी पहिल्या तीन वेळा दहा दिले. तेच दहा नंतर माझ्या तोंडावर मारले, "तुम्ही तर फुल्ल समाधानी होता." आता मी पोराच्या वागण्याला दहा देतो आणि कामाला शून्य, आणि तसं फोनवर बोलून दाखवतो.

एवढं करून एकाच ओळीची तीन जॉबकार्ड झाली तरी ढिम्म, तर वर जायचं. कंपनीच्या कस्टमर केअरला फोन नाही, ईमेल, सोबत तिन्ही जॉबकार्ड, चेसिस नंबर, किलोमीटर. पंधरा दिवस वाट बघा, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. दोष सुरक्षिततेचा वाटत असेल, म्हणजे पाटा तुटणं, ॲक्सल सरकणं, तर केंद्राच्या वाहन पोर्टलवर रिकॉलसाठी (कंपनीने सदोष गाड्या परत बोलावून दुरुस्त करण्यासाठी) मालकाने स्वतः तक्रार नोंदवायची सोय आहे, १ एप्रिल २०२१ पासूनच्या नियमाने, सात वर्षांच्या आतल्या गाडीला. एकट्याच्या तक्रारीने रिकॉल होत नाही, ठरावीक संख्या लागते, म्हणून त्याच मॉडेलवाल्या बाकीच्यांनाही टाकायला सांगा.

ग्राहक आयोगाबद्दल स्टँडवर एक पक्की समजूत आहे की कमर्शियल गाडीला ग्राहक कायदा लागत नाही. अर्धवट माहिती. २०१९ च्या कायद्यात धंद्यासाठी घेतलेली वस्तू बाहेर आहे हे खरं, पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून स्वतः वापरायला घेतलेली वस्तू त्यात मोजत नाहीत. म्हणजे एक गाडी घेऊन स्वतः चालवणारा ग्राहक ठरू शकतो, वीस गाड्यांवर ड्रायव्हर ठेवणाऱ्याचं अवघड. तक्रारीत हे पहिल्याच परिच्छेदात लिहा, लायसन्सची कॉपी जोडा. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, मुदत दोन वर्षांची, आणि फी पाच ते दहा लाखांच्या गाडीला २०० रुपये, दहा ते वीस लाखांना ४००. मला तिथपर्यंत जावं लागलं नाही.

शेवटी माझ्या गाडीत निघालं काय, तर डाव्या बाजूचे यू बोल्ट सैल आणि त्यामुळे खाल्लेला पुढच्या डोळ्याचा बुश. वॉरंटीत बदलून मिळालं. पण बदलताना तिथे उभे राहा आणि एकच बघा, रबरी बुशचा बोल्ट शेवटचा टाइट कधी करतात. गाडी लिफ्टवर, चाकं लोंबकळत असताना फुल्ल टाइट केला की रबर त्याच अवस्थेत पकडलं जातं, आणि गाडी खाली उतरली की कायमचं पिळलेलं राहतं, थोड्या महिन्यांत परत फाटतं. गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच शेवटचा टॉर्क मारायचा (ठरलेल्या जोराने आवळायचा). मेहुण्याचा पहिला बुश असाच गेला होता. मेकॅनिकला सांगितलं तर तो चिडेल, चिडू दे.

नवीन यू बोल्ट थोडं चालल्यावर बसतात आणि सैल होतात, म्हणून हजार किलोमीटरच्या आत परत टॉर्क तपासून घ्या, जॉबकार्ड काढूनच. अलाइनमेंट त्याच दिवशी. आणि टेपने घेतलेली ती चार मापं परत घेऊन वहीत जुन्याच्या शेजारी लिहून ठेवा.