चिनरीची मकावची स्केचेस कॉपी करायची असतील तर

चित्रकार जॉर्ज चिनरी मूळ लंडनचा. १८०२ ला मद्रासला आला, पुढे कलकत्त्यात राहिला, तिथे डोक्यावर एवढं कर्ज झालं की १८२५ मध्ये सरळ चीनच्या किनाऱ्यावरच्या मकावला पळाला आणि १८५२ ला तिथेच वारला. त्याची साहेबलोकांची पोर्ट्रेट्स राहू द्या, हात बसवायचा तर बंदरावरची स्केचेस घ्या. लंडनच्या व्ही अँड ए (व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट) म्युझियमच्या साइटवर नाव टाकून सर्च करा, फुकट बघता येतात.

सुरुवात आ-मा देवळापासून (मकावमधलं समुद्रदेवीचं देऊळ) करू नका. मी केली, छपराची टोकं काढण्यात दोन संध्याकाळी गेल्या आणि शेवटी नुसता नकाशा झाला. आधी टांका होडी घ्या. छोटीशी, अंड्यासारखी, वर चटईचं कमानदार छप्पर, चालवणाऱ्या बहुतेक बायका आणि कित्येकींचा संसारही पाण्यावरच. पेन्सिलीने फक्त छपराची कमान आणि पाण्याची रेघ, बास. मग बाई, डोक्याला रुमाल, पाय अनवाणी, वल्ह्यावर भार टाकल्यामुळे पाठ किंचित वाकलेली, ती पाठ एका रेघेत आली पाहिजे. छपराखालचा अंधार मात्र गच्च भरा, बाकी कागद मोकळाच सोडा, होडी तिथेच उठून दिसते.

खोडरबर लांब ठेवा. चिनरी जागेवर पेन्सिलने भराभर काढायचा आणि शाई बऱ्याचदा मागाहून चढवायचा, त्यामुळे पेन्सिलीच्या चार रेघा असल्या तरी शाईने त्यातली बरोबर वाटेल तीच ओढायची. शाई तपकिरी घ्या, काळी फार टोचते.

कोपऱ्यात मुंग्या चालल्यासारखं काहीतरी दिसेल, ती चिनी अक्षरं नाहीत हां, गर्नी पद्धतीचं शॉर्टहँड आहे, स्वतःसाठी केलेल्या नोंदी. ते गिरवत बसू नका, आपलं मराठीत लिहा, ‘हात मोठा झाला’, ‘ऊन डावीकडून’ असं काहीही, आणि खाली तारीख.

आता देऊळ. ते पाण्याजवळच्या उतारावर, मोठमोठ्या खडकांत आहे, पण आधी पुढची माणसं काढा, जुगारी, न्हावी, फेरीवाले. उकिडवं बसलेलं माणूस काढताना गुडघा, पाठ, टाच एवढा त्रिकोण आधी पकडा, डोकं सगळ्यात शेवटी, नाहीतर माणूस मागे कलंडतो. छप्पर त्यांच्या मागे फिकट पेन्सिलीतच राहिलं तरी चालेल.