अनंताची पानं पिवळी पडतात, कळ्या गळतात? सांगलीच्या मातीत या चुका टाळा

महाबळेश्वर-पाचगणीला गेलं की एखाद्या जुन्या बंगल्याच्या कुंपणालगत पुरुषभर उंचीचा अनंत दिसतो. गडद हिरवी चकचकीत पानं, दुधासारखी फुलं आणि रस्त्यापर्यंत येणारा वास. येताना हौसेनं रोप आणलं जातं. सांगली-मिरजेत दारात लावलं की पहिल्या पावसाळ्यात थोडी फुलंही येतात. मग दिवाळीच्या पुढेमागे कोवळी पानं पिवळी पडू लागतात. कोणी शेणखत घालतं, कोणी मूठभर युरिया, कोणी चुलीतली राख. झाड आणखी खंगतं आणि पुढच्या उन्हाळ्यात वाळून जातं. "आमच्याकडे अनंत येतच नाही" असं म्हणून माणसं विषय सोडून देतात, याचं मला फार वाईट वाटतं. अनंत सांगलीत उत्तम येतो. फक्त त्याला सांगलीची माती चालत नाही.

अनंत कॉफीच्या कुळातला, मूळचा चीन-जपानकडचा. त्याला आंबट, म्हणजे आम्लधर्मी माती लागते, सामू (पीएच, म्हणजे आंबटपणा मोजायचा आकडा; 7 च्या खाली माती आंबट) साधारण 5 ते 6.5. महाबळेश्वर, पाटण, कोयनेच्या पट्ट्यात जांभ्याची लाल माती आहे आणि धो धो पावसानं तिच्यातला चुना कधीच धुऊन नेलाय. तिथं अनंत जमिनीत लावला तरी वाढतो. कृष्णाकाठच्या काळ्या मातीचा सामू मात्र बहुतेक ठिकाणी 7.5 ते 8.5 असतो आणि तिच्यात चुनखडी असते. अशा मातीत लोह नसतं असं नाही, पण ते विरघळत नाही, म्हणून मुळांना उचलता येत नाही. उसावर केवडा पडतो, म्हणजे पानं पिवळी-पांढरी होतात, तो याच कारणानं. अनंताची मुळं तर या बाबतीत उसापेक्षा कितीतरी नाजूक.

पान न बघताच खत घालणं

सगळ्यात जास्त झाडं या चुकीनं जातात. पिवळं पान दिसलं की आधी ते कुठलं आहे ते बघा. शेंड्याचं कोवळं पान तोडून उजेडासमोर धरा. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, अशी हिरव्या जाळीची नक्षी दिसली तर लोह कमी पडतंय. फार वाढलं की तेच पान पांढरट होतं आणि कडा करपतात. खालची जुनी पानं एकसारखी पिवळी पडत असतील तर नत्र कमी असेल, किंवा कुंडीत पाणी साचत असेल. जुन्याच पानांवर शिरांच्या मध्ये पिवळेपणा येऊन देठाकडे हिरवा त्रिकोण उरत असेल तर मॅग्नेशियम कमी आहे. आणि नवी पालवी फुटताना आतल्या बाजूची चार-दोन जुनी पानं पिवळी होऊन गळली, तर तो झाडाचा नेहमीचा क्रम आहे, काहीच करू नका.

लोहाची कमतरता असताना युरिया घातला तर नवी फूट जोरात येते, आणि तीही पिवळीच येते. आधीच उपाशी असलेल्या झाडावर वाढीचा बोजा पडतो. राख त्याहून वाईट, कारण ती मातीचा सामू आणखी वर नेते. अंड्याची टरफलंही अनंताला नकोत. कारखान्याची मळी बाकीच्या झाडांना चांगली, पण साखर करताना रसात चुन्याची निवळी घालतात आणि तो चुना मळीत उतरतो. अनंताला ती घालू नका.

गंजके खिळे, ताक आणि तुरटी

कुंडीत गंजके खिळे पुरण्याचा सल्ला अजून सर्रास दिला जातो. गंज पाण्यात विरघळत नाही, चुनखडीच्या मातीत तर नाहीच. ताक, लिंबू, व्हिनेगर मातीत ओतलं तर परिणाम थोडे दिवस टिकतो, मग चुना त्यावर मात करतो. तुरटीनं माती आंबट होते हे खरं, पण तिच्यातलं ॲल्युमिनियम साठत जाऊन मुळांना बाधतं. उरलेला गोड चहा ओतला की मुंग्या लागतात, आणि मुंग्यांच्या मागोमाग पिठ्या ढेकूण, ही कापसासारखी पांढरी कीड, येतो.

औषध हवं तर कृषी सेवा केंद्रात मिळतं. तासगाव, कवठेमहांकाळकडचे द्राक्षबागायतदार चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना उचलता येईल अशा विरघळत्या रूपात बांधलेलं लोह, नेहमी वापरतात. पण पाकिटावरचं नाव नीट वाचा. 'ईडीटीए' प्रकारातलं लोह 6.5 च्या वरच्या सामूला मातीत फार टिकत नाही. चुनखडीच्या मातीत 'ईडीडीएचए' प्रकारचंच घ्या. त्याचं द्रावण गडद लाल होतं, ही त्याची खूण. महाग आहे, पण एका झाडाला फार थोडं लागतं. पाकिटावरच्या मात्रेनं पाण्यात कालवून संध्याकाळी ओल्या मातीत द्या. तातडीचा उपाय म्हणून हिराकस (फेरस सल्फेट) फवारता येतं: 1 लिटर पाण्यात 3 ते 5 ग्रॅम हिराकस आणि 1 ग्रॅम लिंबूसत्त्व, ऊन उतरल्यावर, पानाच्या दोन्ही बाजूंना. फरशीवर सांडू देऊ नका, तांबूस डाग जात नाहीत. फार पिवळं झालेलं जुनं पान पूर्ण हिरवं होईलच असं नाही. दोन-तीन आठवड्यांनी येणारी नवी पालवी कशी आहे ते बघा.

काळ्या मातीत खड्डा करून लावणं

आपल्या मातीत चुनखडी किती आहे ते घरीच कळतं. वाळलेलं ढेकूळ घ्या आणि त्यावर चमचाभर व्हिनेगर टाका. फसफसून बुडबुडे आले तर त्या जमिनीत अनंत लावायचा नाद सोडा. गंधक घालून सामू खाली आणता येतो, पण जिवाणू त्याचं आम्ल करायला महिने घेतात आणि चुनखडी ते आम्ल पिऊन टाकते. खड्ड्यात लाल माती भरली तरी दोन-तीन वर्षांत आजूबाजूची काळी माती आणि पाणी तिला आपल्यासारखं करतात. शिवाय खड्ड्यात पावसाळ्यात पाणी साचतं आणि उन्हाळ्यात काळी माती भेगाळून मुळं तुटतात. नव्या घराच्या भिंतीलगत तर मुळीच लावू नका, तिथल्या मातीत सिमेंट आणि चुन्याचा राडारोडा असतो.

म्हणून सांगलीत अनंत कुंडीत. 14 ते 16 इंचांची कुंडी किंवा अर्धा ड्रम, तळाला भरपूर भोकं, खाली विटा. मिश्रणात लाल माती चार वाटे, धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) तीन वाटे, पालापाचोळ्याचं कुजलेलं खत दोन वाटे आणि भाताचं तूस किंवा जाड वाळू एक वाटा. कोकोपीट धुवायला विसरू नका, त्यात मीठ असतं. रोपवाटिकेच्या पिशवीत बहुतेक वेळा चिकट लाल मातीचा घट्ट गोळा असतो. तो तसाच कुंडीत ठेवला तर पाणी बाजूनं निसटतं आणि आतली मुळं कोरडी राहतात. पिशवी फाडण्याआधी गोळा बादलीत बुडवून भिजू द्या, मग बाहेरची माती बोटांनी हलकेच मोकळी करा.

बोअरचं पाणी

माती कितीही चांगली केली तरी रोज बोअरचं क्षाराचं पाणी घातलं तर वर्षभरात ती चुन्याची होते. कुंडीच्या काठावर पांढरा थर दिसला तर तेच चाललंय असं समजा. पावसाळ्यात छपराचं पाणी पिंपात धरून ठेवा, अनंताला त्याच्यासारखं दुसरं पाणी नाही. ते संपलं की नळाचं नदीचं पाणी. बोअरशिवाय इलाजच नसेल तर 15 लिटरच्या बादलीत चहाचा अर्धा ते पाऊण चमचा लिंबूसत्त्व मिसळा आणि सामू मोजायच्या कागदानं 6 ते 6.5 च्या दरम्यान आहे ना ते तपासा. महिन्यातून एकदा खालून वाहून जाईपर्यंत पाणी द्या, साठलेले क्षार निघून जातात.

कळ्या येतात आणि गळतात

भरल्या कळ्या गळताना बघवत नाहीत. बहुतेक वेळा कारण पाण्यात असतं: दोन दिवस विसरायचं आणि तिसऱ्या दिवशी भरपूर घालायचं. कळ्या लागल्यापासून माती सारखी ओलसर हवी, चिखल नको. दुसरं कारण म्हणजे कुंडी हलवणं. फुलं दिसावीत म्हणून कळ्या लागलेली कुंडी मागच्या अंगणातून पुढे आणली की उजेड, वारा, सगळंच बदलतं. कुंडीची जागा आधीच ठरवा: सकाळचं चार-पाच तास ऊन आणि दुपारनंतर सावली. पश्चिमेची भिंत आणि एसीच्या बाहेरच्या यंत्राची गरम हवा, दोन्ही टाळा.

कळी न उमलता तपकिरी होत असेल तर ती पांढऱ्या कागदावर झटका. पिवळसर, रेघेएवढे किडे पळताना दिसले तर फुलकिडे आहेत. 1 लिटर पाण्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडं साबणाचं पाणी कालवून संध्याकाळी फवारा, आठवड्यानं पुन्हा. पिठ्या ढेकूण आणि पांढऱ्या माशीवरही हेच. पानांवर काळी काजळी दिसली तर ती पुसत बसू नका, या किडींच्या चिकट स्रावावर ती वाढते. आधी कीड आवरा. एका रात्रीत पानं फस्त झाली असतील तर फांद्यांवर शेपटीला काटा असलेली जाड हिरवी अळी शोधा. ती हातानं वेचून काढली की झालं, फवारणीची गरज नाही.

नदीकाठच्या घरांसाठी एक सांगतो. 2019 च्या ऑगस्टात सांगलीच्या गावभागातल्या कितीतरी बागा दिवसचे दिवस पाण्यात होत्या. पूर ओसरल्यावर बुंध्याशी बसलेला गाळ लगेच काढा, मुळांना हवा लागू द्या आणि नवी पालवी दिसेपर्यंत खत देऊ नका.

छाटणीची वेळ

अनंताला कळी शेंड्याला येते आणि हिवाळ्यातल्या थंड रात्री कळी धरायला मदत करतात. संक्रांतीनंतर बाग आवरताना कात्री चालवली तर त्या वर्षीची फुलंच कापली जातात. छाटणी फुलांचा बहर ओसरल्याबरोबर, सप्टेंबरच्या आत उरका, तीही एक तृतीयांशापेक्षा जास्त नको. निघालेल्या अर्धवट पिकलेल्या काड्यांचे वीतभर तुकडे करा, खालची पानं काढा आणि ओल्या कोकोपीट-वाळूत सावलीत खोचा. दीड-दोन महिन्यांत मुळं धरतात.