सोलापुरात पतसंस्थेतली उन्हाळी इंटर्नशिप : आधी ताळा, मग कोड

पतसंस्थेत किंवा एखाद्या छोट्या वित्तसंस्थेत उन्हाळ्यात काम करायचं असेल, तर विचारायला फेब्रुवारीतच जा. १५ मार्च ते १० एप्रिल तिथे कुणाला मान वर करायला सवड नसते. ३१ मार्चची वर्षअखेर संपते न संपते तोच ऑडिटची तयारी सुरू होते. कॉलेजचं पत्र आणि एक पानी बायोडाटा पुरतो. बायोडाट्यात 'मशीन लर्निंग' वर आणि 'एक्सेल' खाली असेल तर क्रम उलटा करा. मानधन, येण्याजाण्याचा खर्च आणि शेवटी मिळणारं प्रमाणपत्र हे पहिल्याच भेटीत स्पष्ट विचारावं, नंतर दोघांनाही अवघड होतं.

काम काय असतं? ॲप बनवायचं आहे असं सांगतात, पण पहिले तीन आठवडे फरक शोधण्यात जातात. पिग्मीचं, म्हणजे रोज थोडी थोडी जमा होणाऱ्या ठेवीचं, उदाहरण घ्या. एजंट चाटी गल्ली, नवी पेठेतल्या दुकानांतून रोजची रक्कम गोळा करतो, हातातल्या मशीनवर नोंदवतो आणि संध्याकाळी ऑफिसात मशीनमधली फाइल संगणकावर उतरवतो. इथे तीन बेरजा तयार होतात : मशीनच्या फाइलची, कॅशियरने मोजून घेतलेल्या रोकडीची आणि खात्यांवर जमा पडलेली. या तिन्ही जुळल्याशिवाय दिवसअखेर होत नाही. जुळवताना आधी एजंटवार, मग तारखेवार आणि शेवटी खातेवार उतरा. थेट खात्यांत घुसलात तर संध्याकाळ तिथेच संपते.

फरकाचा आकडाच पुष्कळदा चूक सांगतो. समजा ५४० रुपयांचा फरक आला. ५४० ला ९ ने पूर्ण भाग जातो, म्हणजे अंक उलटेपालटे झाल्याचा संशय धरा : १,२८० चे १,८२०. शून्य गळालं तरी ९ ने भाग जातो, ५०० चे ५० झाले तर फरक ४५०. तेरजेत, म्हणजे सगळ्या खात्यांच्या जमा-नावे बाक्यांच्या यादीत, फरक सम असेल तर त्याचं निम्मं करा आणि तेवढ्याच रकमेची नोंद शोधा. ती जमेऐवजी नावे (डेबिटला) पडलेली असू शकते. फरक एका एजंटच्या पूर्ण दिवसाच्या बेरजेइतका असेल, तर नेट तुटल्यावर फाइल दोनदा उतरवली गेली असणार. त्याला उपाय सोपा आहे : एजंट क्रमांक, तारीख आणि पावती क्रमांक मिळून एकच नोंद स्वीकारायची, दुसरी परत पाठवायची. उशिरा आलेली वसुली मात्र दुसऱ्या दिवशीच्या तारखेला पडते. तो फरक आज दिसतो, उद्या आपोआप मिटतो. त्याला हात लावू नका, नुसती टीप ठेवा.

एक्सेलपासून जपून राहा. सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) डबल क्लिक करून उघडली की खाते क्रमांकाच्या सुरुवातीची शून्यं जातात. क्रमांक १६ अंकी असेल तर शेवटचा अंक शून्य होतो, कारण एक्सेल १५ च अंक नीट धरतं. आणि त्यावर सेव्ह केलं की मूळ आकडा गेलाच. तारखांचं दुखणं याहून वाईट. संगणकाची मांडणी अमेरिकन असेल तर ३ एप्रिलची ४ मार्च होते. महिन्याच्या १ ते १२ तारखा गुपचूप उलटतात आणि १३ पासूनच्या नुसता मजकूर म्हणून पडून राहतात, म्हणून निम्मी यादी बरोबर भासते. फाइल नेहमी 'डेटा' टॅबमधून आणा आणि सगळे रकाने मजकूर म्हणून घ्या.

जुन्या सभासदांची नावं श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असतील तर युनिकोडमध्ये आणताना पहिली वेलांटी आणि रफार हमखास चुकतात. ते डोळ्यांनी तपासा. सोलापूरच्या पूर्व भागात तेलुगू नावं भरपूर. एकच श्रीनिवास इंग्रजीत तीन तऱ्हांनी लिहिलेला सापडतो आणि एकच मोबाइल घरातल्या चौघांच्या खात्याला असतो. नावावरून किंवा मोबाइलवरून खाती जोडू नका, सभासद क्रमांकावरूनच जोडा.

व्याजाचा हिशेब लिहायची वेळ आली तर पैसे फ्लोटमध्ये, म्हणजे संगणक अंदाजे साठवतो त्या दशांश प्रकारात, ठेवू नका, पूर्णांक पैशांत ठेवा. दिवस ३६५ धरायचे की ३६६, आणि पैशांचा अपूर्णांक कुठल्या टप्प्यावर पूर्णांकात आणायचा, हे लेखापालांना विचारून लिहून घ्या. १०,००० रुपयांवर ७ टक्क्यांनी ९१ दिवसांचं व्याज एका पद्धतीने १७४.५२, दुसरीने १७४.०४. अठ्ठेचाळीस पैसे किरकोळ वाटतात, पण हजार खात्यांवर त्यांचे ४८० रुपये होतात.

एसएमएसचं काम आलं तर मजकुराचा नमुना आधी डीएलटीवर, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांच्या नोंदणी पोर्टलवर, मंजूर करून घ्यावा लागतो. इंग्रजी संदेश १६० अक्षरांचा, मराठी ७० चा, आणि त्यात काना, मात्रा, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. 'शिल्लक' दिसायला तीन अक्षरं, मोजणीत सहा. ७० च्या पुढे गेलात की एकाचे दोन संदेश, आणि बिलही दोनचं.

सभासदांची माहिती स्वतःच्या लॅपटॉपवर, व्हॉट्सॲपवर किंवा एआय चॅटमध्ये टाकायची नाही. आधारचे शेवटचे ४ अंक ठेवून बाकी झाकलेली प्रत मागा आणि फक्त वाचण्यापुरता प्रवेश घ्या. कुणी आपुलकीने स्वतःचा पासवर्ड देऊ केला तरी नको म्हणा. त्या नावाने पडलेली प्रत्येक नोंद त्यांच्या अंगावर येते.

मे महिन्यात दुपारी वीज गेली आणि यूपीएसची बॅटरी थकलेली असली की पोस्टिंग (खात्यांवर नोंदी टाकणं) अर्ध्यावर थांबतं. ३०० पैकी १४० नोंदी पडल्या, बाकीच्या राहिल्या, अशी अवस्था येता कामा नये. म्हणून सगळी तुकडी एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये घाला : पडली तर पूर्ण, नाहीतर एकही नाही. हे तपासायचं तर चाचणीच्या संगणकावर चालू कामात खरंच प्लग काढून बघा.

शेवटच्या आठवड्यात नवा कोड लिहू नका. फाइल कुठून येते, काय दाबायचं, फरक आला तर कुठली यादी बघायची, हे एका पानावर मराठीत लिहा. ते पान कॅशियरताईंच्या हाती देऊन शेजारी गप्प बसा. त्या जिथे अडतील, ती ओळ पुन्हा लिहा.