डोळ्याच्या पडद्याची शीर तुंबली तर

एका डोळ्याला अचानक, न दुखता धूसर दिसू लागलं तर चष्म्याच्या दुकानात नको, थेट बेळगावला पडद्याच्या डॉक्टरांकडे जा. खानापूर-निपाणीहून निघताना बीपी-शुगरचे कागद घ्या. बाहुली मोठी करणारे थेंब घालतात, म्हणून परतताना गाडी चालवायला सोबत कुणीतरी हवंच.

शीर तुंबली की रक्त मागे साचतं आणि पडद्याला ऑक्सिजन कमी पडतो. बोटावरचं ऑक्सिमीटर ९८ दाखवत असलं तरी! उपाशी पडदा व्हीईजीएफ नावाचं प्रथिन सोडतो, त्यानं शिरा पाझरतात, मध्यभाग सुजतो. ओसीटीत, म्हणजे पडद्याच्या स्कॅनमध्ये, सूज दिसते; रक्तपुरवठा कुठे तुटला ते डोळ्याच्या अँजिओग्राफीत, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या फोटोत. यावर डोळ्यात देतात ते व्हीईजीएफ रोखणारं इंजेक्शन पाझर कमी करतं, शीर उघडत नाही. म्हणून सुरुवातीला साधारण दरमहा घ्यावं लागतं. दिसायला लागलं म्हणून पुढचं चुकवलं की सूज परतू शकते. इंजेक्शननंतर डोळा वाढता दुखला, लाल झाला, नजर घटली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.