काठी, तसू, साखळी फुटांत मांडताना या चुका टाळा

जुन्या कागदातलं माप दिसलं की नेटवरून एक गुणक उचलायचा आणि भागाकार-गुणाकार करून मोकळं व्हायचं. बहुतेक घोळ इथेच होतो. जुनी मापं एकमेकांच्या आधाराने उभी असतात, त्यातलं एकच सुटं काढून इंचाला बांधलं की बाकीची कोसळतात.

सभासद बखरीतलं शिवकालीन जमीनमोजणीचं कोष्टक घ्या. काठी पाच हात पाच मुठींची, हात चौदा तसूंचा (तसू हे लांबीचं छोटं माप), एकूण काठी ऐंशी तसू. वीस काठ्या लांब आणि वीस रुंद म्हणजे बिघा, 120 बिघ्यांचा चावर. पाच हातांचे सत्तर तसू गेले की पाच मुठींना दहा उरतात, म्हणजे मूठ दोन तसूंची. इथवर हिशेब चोख आहे.

आता लोक काय करतात, तर ‘तसू म्हणजे इंच’ असं धरतात. काठी 6 फूट 8 इंच होते, बिघा साधारण 16 गुंठे. पण मग चौदा तसूंचा हात 14 इंचांचा ठरला! कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत स्वतःचाच हात मोजून बघा. हात 18 इंच धरला तर तसू जवळपास 1.29 इंच, काठी सुमारे 8 फूट 7 इंच आणि बिघा 27 गुंठे. चावर 49 एकरांवरून थेट 81 एकरांवर जातो. हातात आणखी एकच इंच वाढवा, बिघा 30 गुंठ्यांवर पोचतो, कारण क्षेत्रफळात लांबीतली चूक वर्गाने वाढते. म्हणून आधी कोष्टक आतल्या आत जुळवा, मग इंचाकडे वळा, आणि उत्तराशेजारी ‘हात 18 इंच धरून’ असं स्पष्ट लिहा. ते न लिहिता बिघ्याचं क्षेत्र तीन दशांशांपर्यंत देणाऱ्यांवर माझा तरी विश्वास नाही.

इंग्रजी अमदानीतली मापं पक्की, म्हणून तिथे चूक होत नाही असं नाही. जमीन मोजायची इंग्रजी गंटर साखळी 66 फुटांची, तर मुंबई इलाख्याच्या मोजणीत 33 फुटांची साखळी वापरली जाई. 33 फूट बाय 33 फूट, म्हणजे 1089 चौरस फूट, हा आपला गुंठा. तुमचं क्षेत्र आजच्या उताऱ्याच्या बरोबर चौपट किंवा पाव आलं, तर दुसरीकडे शोधत बसू नका, साखळी चुकली आहे.

आणा जास्त फसवा. साखळीचा सोळावा भाग म्हणून तो लांबीत 2 फूट पाऊण इंच भरतो. क्षेत्रात मात्र आणा म्हणजे गुंठ्याचा सोळावा भाग, सुमारे 68 चौरस फूट. लांबीच्या आण्याचा वर्ग केला तर जेमतेम सव्वाचार चौरस फूट येतात. उत्तर सोळापट कमी आलं, तर हेच झालेलं असतं.

एक्सेलमध्ये भरताना टिंबाकडे लक्ष ठेवा. ‘5.6 फूट’ असं लिहिलेलं बऱ्याचदा 5 फूट 6 इंच असतं, म्हणजे दशांशात 5.5. आणि 5.10 भरलं की एक्सेल शेवटचं शून्य गिळून 5.1 दाखवतो, दहा इंचांचा एक इंच होतो. फूट आणि इंच वेगळ्या रकान्यांत घ्या. एकर-गुंठ्यांचंही तेच, 2.20 म्हणजे अडीच एकर.

अंतरांत उलटी खोड दिसते, नको तितका नेमकेपणा. मूळ कागद ‘दोनेक कोस’ म्हणतो आणि आपण 6.44 किलोमीटर छापतो. कोस प्रांताप्रांतात कमीजास्त होता. तिथे ‘सहा-सात किलोमीटर’ पुरे, आणि कंसात मूळ शब्द तसाच राहू द्या.