चॉपी पाण्यात सप करायचंय? वाऱ्याचा आकडा नंतर, आधी तिथी बघा

सपाट पाण्यावर उभं राहता येतं, दोन्ही बाजूंनी पॅडल मारता येतं, पडलं तर परत बोर्डवर चढता येतं, एवढं जमणाऱ्यांसाठी हे लिहितेय. सप म्हणजे बोर्डवर उभं राहून पॅडल मारणं (स्टँड-अप पॅडल), आणि चॉप म्हणजे वाऱ्याने उठणाऱ्या छोट्या, तुटक लाटा. पवनेच्या पाण्यात किंवा सकाळी सातला गिरगाव चौपाटीवर जे झकास जमतं ते दुपारी वेसाव्याला नाहीतर मार्वेला अजिबात जमत नाही, आणि मग माणूस म्हणतो आपला बॅलन्सच नाही. बॅलन्स असतो हो. माझे गुडघे चॉपमध्ये अजूनही थरथरतात, ते काही गेलेलं नाही, थरथरत असताना हात चालू ठेवायची सवय तेवढी लागलीय.

तंत्राचं आधी उरकते. बोर्ड हलायला लागला की सगळेजण पॅडल हवेत उचलतात आणि ताठ होतात. पातं पाण्यात असेल तर त्यावर भार टाकता येतो, हवेत असेल तर कशावर टाकणार? त्यामुळे छोटे, पटापट स्ट्रोक, पातं घोट्याजवळ आलं की बाहेर, लगेच पुढचा. गुडघे वाकलेले, नजर लांब. आणि मध्येच एकदा पायाच्या बोटांकडे लक्ष द्या (बघू नका, नुसतं लक्ष द्या). नवशिक्याची बोटं मॅटमध्ये रुतलेली असतात, नखं पांढरी पडलेली, दहा मिनिटांत तळव्यात गोळा येतो आणि मग तो पडतो, आणि घरी येऊन सांगतो लाट मोठी होती. बोटं सैल सोडा, टाचेवर वजन येऊ द्या. वारा समोरून असेल तर अर्धं पाऊल पुढे उभं राहायचं म्हणजे बोर्डचं नाक (पुढचं टोक) उचललं जात नाही, पाठीमागून असेल तर थोडं मागे, नाहीतर नाक लाटेत घुसतं. वारा आडवा असेल तर बराच वेळ एकाच बाजूने मारावं लागतं, खांदा दुखणार, त्याला इलाज नाही.

आता मुद्द्याचं. हे मी जरा जास्तच सांगणार आहे कारण मी यातच अडकले होते आणि नव्याने येणारा प्रत्येकजण यातच अडकतो.

अ‍ॅपवर दिसतं १२ नॉट. म्हणजे ताशी साधारण २२ किमी (काही अ‍ॅप किलोमीटरमध्येच दाखवतात, सेटिंग तपासा, लोक १२ किमी समजून उतरतात). गेल्या रविवारी १२ नॉटमध्ये मस्त गेलो होतो, आजही १२ आहे, चला. आणि आज खाडीच्या तोंडाशी पाणी उकळल्यासारखं उडतंय, दोन मिनिटं उभं राहता येत नाही. वारा तोच, दिशा तीच, बोर्ड तोच. बदललंय काय तर खालचं पाणी. गेल्या रविवारी भरती आत येत होती, वाऱ्याच्याच दिशेने. आज ओहोटी बाहेर चाललीय, वाऱ्याच्या विरुद्ध. लाट पश्चिमेकडून आत यायला बघतेय आणि खालचं पाणी तिला मागे ओढतंय, त्यामुळे दोन लाटांमधलं अंतर कमी होतं, लाट उंच आणि उभी होते आणि तिचं डोकं फुटतं. त्यात आपला बोर्ड साडेदहा फुटांचा, एका लाटेवरून उतरेपर्यंत दुसरी नाकाखाली आलेली असते.

आता मुंबईचं गणित बघा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास आपल्याकडे पूर्ण भरती दुपारी बारा-एकच्या सुमारास येते. तिथून ओहोटी सातपर्यंत. सहा तासांत पाणी सारखं उतरत नाही, पहिल्या आणि शेवटच्या तासात जेमतेम हलतं आणि मधल्या दोन तासांत निम्मं जातं. उधाणाच्या दिवशी एकूण उतार ४ मीटरच्या घरात असतो, म्हणजे तीन ते पाचमध्ये २ मीटर पाणी खाडीतून बाहेर पळतंय. आणि समुद्रावरून येणारा खारा वारा कधी जोरात असतो? दोन ते पाच. म्हणजे उधाणाच्या दिवसांत दुपारी वारा आणि पाणी एकमेकांसमोर उभे राहणारच, त्यात योगायोग काही नाही. वेसावे-मढमधली खाडी घ्या नाहीतर मनोरी-मार्वेची, दोन्हींची तोंडं अरबी समुद्राकडे, त्यामुळे दोन्हीकडे हीच कथा.

उलट अष्टमीच्या आसपास भरती सहाच्या सुमारास येते, सकाळी आणि संध्याकाळी, आणि ही भांगाची भरती, जोर कमी. दुपारी बारापासून पाणी आत यायला लागतं, वाराही आतच येतोय. चॉप शिकायचा तर या दुपारी शिका. फक्त सुकतीच्या वेळी (पाणी पूर्ण उतरलेलं असताना) खाडीत चिखल असतो, दोनेक तास थांबून उतरा. अष्टमीच्या सकाळी मात्र सांभाळून, कारण तेव्हा ओहोटी बाहेर आणि मतलई वाराही बाहेर, किनाऱ्यालगत पाणी काचेसारखं दिसतं आणि माणूस गप्पा मारत लांब जातो, परतताना कळतं. पौर्णिमेला सकाळी जा, सात ते अकरा, पाणी आत येत असतं, अकराला बाहेर पडा.

भरतीची वेळ काढायला कोकणात सगळ्यांना येतं ते साधं गणित आहे, तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी म्हणजे तीन, अष्टमी म्हणजे सहा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, नक्की वेळेसाठी भरतीचं कोष्टक बघाच, पण घरातून निघायचं की नाही हे भिंतीवरच्या कॅलेंडरवरून कळतं.

मढच्या बाजूला जाळं विणत बसलेल्या एका नाखवाकाकांना मी मोबाईल पुढे करून विचारलं होतं, काका, बारा नॉट दाखवतंय, जाऊ का? त्यांनी मोबाईलकडे बघितलंच नाही. "आज तिथी काय?" मला माहीत नव्हती. "मग बस जरा," म्हणाले आणि परत जाळ्याला लागले. माझं स्पष्ट मत आहे, दोन दिवसांचा कोर्स करून गळ्यात शिट्टी अडकवलेल्या इन्स्ट्रक्टरपेक्षा असे काका शंभरपट बरे. सगळे इन्स्ट्रक्टर वाईट नसतात, पण जो भरती-ओहोटीचं नाव न घेता थेट फोटो काढायला सुरुवात करतो त्याच्याकडे परत जाऊ नका. आणि रील बघून शिकणाऱ्यांनो, त्या रीलमधलं पाणी मुंबईचं नाहीये.

सगळे सांगतात, जमलं नाही तर गुडघ्यावर बसा. बरोबर आहे, बसाच, लाज कसली. पण वर सांगितलेल्या परिस्थितीत एक गोष्ट कोणी सांगत नाही. उभे असता तेव्हा वारा तुमच्या अंगाला ढकलून आत आणत असतो. बसलात की वाऱ्याला अंग कमी मिळतं आणि पाण्याची ओढ जिंकायला लागते, म्हणजे तुम्ही दम खात बसलात आणि बोर्ड हळूहळू बाहेर निघाला. म्हणून बसल्यावरही पॅडल मारत राहायचं, आणि थेट ओढीच्या विरुद्ध नाही, तिरकं काठाकडे, जिथे पाणी उथळ आणि ओढ कमी. बसल्या बसल्या किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरा, एखादी बिल्डिंग आणि तिच्यापुढचं झाड, रेष तुटली की समजायचं सरकतोय.

पडल्यावर बोर्ड सोडायचा नाही, कितीही चांगलं पोहता येत असलं तरी. चढताना लाट येते त्या बाजूला आपण आणि पलीकडे बोर्ड, उलटं केलंत तर बोर्ड दातांवर येतो.

लीश (आपल्याला बोर्डशी बांधून ठेवणारी दोरी) घोट्याची नको, निदान खाडीत तरी नको. नांगरलेल्या होड्यांचे दोर, डोल जाळ्यांचे खुंट, त्यात लीश अडकली आणि पाणी ओढतंय तर वाकून घोट्यापर्यंत हात पोचतच नाही. कमरेचा पट्टा घ्या, ओढला की सुटणारा, आणि तो डोळे मिटून दोन्ही हातांनी सोडता येतो का ते किनाऱ्यावर करून बघा. लाइफ जॅकेट घालायचंच, त्यावर मी चर्चा करत नाही.

हवेचा बोर्ड असेल तर १५ पीएसआय (हवेचा दाब) लिहिलंय तर १५च भरा. दहाच्या पुढे पंप जड जातो आणि सगळे तिथेच सोडतात, मग चॉपमध्ये बोर्ड मधून वाकतो आणि परत आपला बॅलन्स वाईट. ३२ इंच रुंदीचा बोर्ड डळमळत असेल तर ३४ इंची घ्या, त्याला भित्रेपणा म्हणणाऱ्यांना स्वतःला कधी दुपारी पाण्यात बघितलंय का विचारा. अचानक बोर्ड जड वाटायला लागला तर आधी फिन (बोर्डखालचा पंख) चाचपा, बहुतेक वेळा प्लॅस्टिकची पिशवी असते.

खाडीची भीती वाटत असेल तर गिरगावच्या बाजूला ओढ कमी असते, तिथे सुरुवात करा, पण मरीन ड्राइव्हच्या भिंतीपासून लांब. भिंतीवर आपटून परतलेली लाट आणि येणारी लाट एकत्र येतात आणि पाणी कुठूनही उसळतं. पाण्यावर पांढरे तुरे ठिकठिकाणी दिसायला लागले म्हणजे १०-१२ नॉट झाले, पहिल्या सीझनला तिथेच थांबा. ऑक्टोबर ते फेब्रुवारी चांगला काळ, मार्चपासून दुपारचा वायव्येचा वारा वाढतो, आणि पावसाळ्यात नाही म्हणजे नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, नाखवे घरी बसतात आणि तुम्ही कुठे निघालात?

आणि लोकलने बोर्डची बॅग नेणार असाल तर मालडब्यातून जा. अंधेरीला साडेसहाच्या गर्दीत ती बॅग पाठीवर घेऊन चढणं हे चॉपपेक्षा अवघड आहे.