कॅरोबचं झाड लावताय? पुण्याच्या पावसात या चुका टाळा

कॅरोब म्हणजे गोड शेंगांचं झाड; या शेंगांची पावडर कोकोऐवजी वापरतात. त्याचं बी पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा चिंचोका आठवला. तसंच तपकिरी, चकचकीत, टणक, फक्त आकाराने बरंच लहान. सरळ मातीत खोचलं आणि दोन महिने वाट पाहिली, काही उगवलं नाही. त्याचं कवच पाणी आत घेतच नाही. नेलकटरने कडेला बारीक टवका काढा किंवा पॉलिश पेपरवर घासा. टोकाला, जिथून मूळ फुटतं, तिथे मात्र हात लावू नका. मग कोमट पाण्यात रात्रभर ठेवा. सकाळी बी टरारून फुगलेलं दिसतं. फुगलं नसेल तर पुन्हा घासा.

सोटमूळ झपाट्याने खाली जातं, म्हणून उथळ कुंडी नको. उंच पिशवी घ्या आणि रोप एकदाच, मूळ न दुखवता, जागेवर लावा.

खरा घात पाणी करतं. स्पेन, इटली, सायप्रस, मोरोक्को या भूमध्य समुद्राकाठच्या भागातलं हे झाड. तिकडे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. आपल्याकडे जुलैत झड लागते. कोथरूडच्या गच्चीवरची माझी दोन गुडघाभर रोपं अशीच गेली. पानं मलूल दिसली म्हणून मी आणखी पाणी आणि खत घातलं. उपटून पाहिलं तर मुळं काळी, मऊ, कुबट वासाची. तेव्हापासून मी नुसती काळी माती वापरत नाही. मुरूम आणि जाड वाळू जास्त, शेणखत थोडं. चुनखडीची जमीनही याला मानवते. पावसाळ्यात कुंडी विटांवर, पत्र्याच्या आडोशाला. जमिनीत लावायचं तर उंचवट्यावर, जिथे पाणी थांबत नाही.

एकच रोप लावून शेंगांची आस धरू नका. पपईसारखी याचीही नर आणि मादी झाडं बहुधा वेगळी असतात, आणि बियाचं रोप काय निघेल ते फुलं येईपर्यंत कळत नाही. मादी झाडाचं कलम मिळालं तर उत्तम, पण फळाला त्यालाही काही वर्षं लागतातच. फुलं जुन्या फांद्यांवर, कधी थेट खोडावरही येतात, फणसासारखी. त्यामुळे जुन्या फांद्या सरसकट छाटू नका. फुलापासून पिकलेल्या शेंगेपर्यंत जवळजवळ वर्ष जातं.

रस्त्याकडेच्या शेंगा कॅरोबच्या समजून मुलांना देऊ नका. पुण्यात त्या बहुतेक पर्जन्यवृक्षाच्या किंवा बहाव्याच्या असतात, आणि बहाव्याच्या लांब नळीसारख्या शेंगेतला गर रेचक असतो. कॅरोबची शेंग चपटी, चामड्यासारखी, पिकल्यावर गडद तपकिरी. हिरवी असताना तुरट लागते.

कॅरोबच्या शेंगांची पावडर आणलीत तर मधुमेहींना बिनधास्त देऊ नका. कोकोत असतं तसं कॅफीन यात नाही हे खरं, पण शेंगेच्या गरात साधारण 40 ते 50 टक्के साखर असते. म्हणून दुधात घालताना वरून साखर आधी घालू नका, चव घेऊन मगच ठरवा. थंड दुधात पावडरीच्या गुठळ्या होतात. आधी दोन चमचे गरम पाण्यात कालवून घ्या.